गिळताना घसा आणि जीभ दुखते? किती दुखतं यापेक्षा कुठे आणि किती दिवस, ते बघा

म्हैसूरचा दसरा संपला की मागे दोन गोष्टी उरतात. उतरवायच्या राहिलेल्या दिव्यांच्या माळा आणि घराघरात धरलेले घसे. दहा दिवसांची गर्दी, धूळ, रात्रीची जागरणं, पॅलेसच्या आसपास उभ्या उभ्या खाल्लेली तिखट चुरमुरी. मग पुढचा आठवडा मिठाच्या गुळण्या. म्हणून या वेळी सदरात हाच विषय घेतला आहे: गिळताना घसा दुखणं, आणि त्याच्या जोडीला जीभ दुखणं.

मी डॉक्टर नाही, लिहिणारी आहे. त्यामुळे इथे औषधं सांगणार नाही. पण या विषयावर वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली, आणि ती आपल्या घरातल्या समजुतीच्या बरोबर उलट आहे. आपल्याला वाटतं, जितकं जास्त दुखेल तितकं दुखणं मोठं. घशाच्या बाबतीत तसं नसतं. ज्याने पाण्याचा घोटसुद्धा उतरत नाही, ते दुखणं बहुतेक वेळा आठवड्यात आपलं आपण जातं. आणि जे फक्त आमटी तिखट झाली की थोडंसं चुरचुरतं, एरवी जाणवतही नाही, ते कधीकधी आयुष्यभराचं निघतं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

मराठीत घशासाठी शब्द भरपूर आहेत. घसा बसतो, खवखवतो, सुजतो, धरतो, कोरडा पडतो, जळजळतो. गिळताना टोचतं, अडकतं, चिरल्यासारखं होतं. पण डॉक्टरांसमोर बसलं की आपण एवढंच म्हणतो, "घसा दुखतोय." खरं तर हे बाकीचे शब्दच त्यांना हवे असतात. खवखव आणि टोचणं यांची कारणं वेगळी, अडकणं आणि जळजळणं यांचीही वेगळी.

घसा आणि जीभ एकत्र का दुखतात?

आरशात दिसते तेवढीच जीभ नसते. तिचा मागचा साधारण एक तृतीयांश भाग खाली घशात उतरलेला असतो आणि तो घशाचाच भाग मानावा असा आहे. आपण घास गिळतो तेव्हा जीभ वर टाळूला टेकते, घास मागे ढकलते, मऊ टाळू वर जाऊन नाकाची वाट बंद करतो, आणि श्वासनलिकेवर झाकण येतं. हे सगळं एका क्षणात. आवंढा तर आपण दिवसभरात शेकडो वेळा गिळतो, झोपेतसुद्धा. त्यामुळे यातल्या कुठल्याही भागाला जखम झाली की प्रत्येक घोटाला ती दुखते.

नसांचाही एक घोळ आहे. जिभेच्या पुढच्या भागाची वेदना एका नसेवाटे जाते, मागच्या भागाची दुसऱ्या. ही दुसरी नस टॉन्सिल, घशाची मागची भिंत आणि कानाचा आतला भाग या सगळ्यांची मिळून एकच आहे. म्हणून टॉन्सिल सुजले की कान ठणकतो. कानात थेंब घालून बरं वाटत नाही, कारण दुखणं कानात नसतंच. मोठ्या माणसाचा कान तपासल्यावर स्वच्छ निघाला आणि तरी गिळताना एकाच बाजूचा कान दुखत राहिला, तर डॉक्टर घसा आणि जिभेचं मूळ नीट बघतात, ते याच कारणाने.

साधं दुखणं आणि तीन गोळ्यांची सवय

बहुतेक घसे विषाणूमुळे दुखतात. सोबत नाक गळतं, खोकला येतो, आवाज बसतो, अंग मोडून येतं. तीन-चार दिवस त्रास आणि साधारण आठवड्यात आराम. यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो. तरीही आपल्याकडे मेडिकलच्या काउंटरवर "घसा दुखतोय" म्हटलं की अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्यांची पट्टी पुढे सरकते. चौथ्या दिवशी बरं वाटतं आणि श्रेय गोळीला जातं. घसा तसाही चौथ्या दिवशी बरा होणारच होता. अशा गोळ्यांनी जंतू मात्र निबर होत जातात.

पण याची दुसरी बाजूही आहे. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांमध्ये स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूने घसा धरतो. ताप चढतो, टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसतात, मानेतल्या गाठी दाबल्या की दुखतात, आणि गंमत म्हणजे खोकला-सर्दी नसते. हा घसा मात्र औषधाशिवाय सोडायचा नाही. तो वरवर बरा झाला तरी दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना संधिवाताचा ताप येतो. मोठे सांधे एकामागून एक सुजतात आणि हृदयाच्या झडपांना इजा होते. भारतात आजही तरुण वयात झडपा खराब होण्याचं हे एक मोठं कारण आहे. डॉक्टर इथे पेनिसिलिनच्या जातीचं औषध सहसा दहा दिवस देतात. मूल तिसऱ्या दिवशी उड्या मारायला लागतं आणि आई उरलेल्या गोळ्या "पुढच्या वेळी लागतील" म्हणून फ्रिजवरच्या डब्यात ठेवते. त्या दहाच्या दहा दिवस पोटात जायला हव्यात.

घटसर्प हा शब्द आजीच्या तोंडी ऐकलेला असतो आणि तो रोग संपला असं वाटतं. तो संपलेला नाही, लशीने मागे रेटलेला आहे. घशात राखाडी, चिकट पापुद्रा धरतो, मान सुजते, जंतूचं विष हृदयापर्यंत जातं. बाळाच्या दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशी सगळे देतात. विसरला जातो तो पाच-सहा वर्षांचा बूस्टर, आणि दहाव्या व सोळाव्या वर्षीची टीडी. शाळेत लस द्यायला येतात त्या दिवशी मुलाला पोटदुखी होते, हे सगळ्याच आयांना ठाऊक आहे.

आणखी एक जुनी गोष्ट म्हणजे पडजीभ. घसा दुखला की "पडजीभ पडली" म्हणायचं आणि चमच्याच्या टोकावर मीठ घेऊन ती दाबायची, हा उपाय काही घरांत अजून चालतो. पडजीभ सुजते ती घशाच्या सुजेबरोबर, आणि तिच्याबरोबरच उतरते. ती दाबून काही साधत नाही. लहान मुलाच्या बाबतीत तर हे धोक्याचं ठरू शकतं. मूल पुढे वाकून बसलंय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, श्वासाला आवाज येतोय, अशा वेळी घशात चमचा किंवा बोट घालून बघायचंच नाही. श्वासनलिकेवरचं झाकण सुजलेलं असेल तर तेवढ्या धक्क्यानेही श्वास बंद होऊ शकतो. मूल ज्या स्थितीत बसलंय तसंच उचलून थेट रुग्णालयात न्यायचं.

मोठ्यांमध्ये अशी रात्री-अपरात्री पळायची वेळ तीन-चार खुणांवरून ओळखता येते. आवाज तोंडात गरम भजं धरून बोलल्यासारखा येतो. जबडा उघडत नाही आणि दुखणं एकाच बाजूला प्रचंड असतं. तो टॉन्सिलच्या मागे पू झाल्याचा प्रकार असतो. किंवा किडलेल्या खालच्या दाढेतून जंतू पसरतात, जिभेखालचा तळ फुगून कडक होतो आणि जीभ वर उचलली जाते. दाढ दुखत होती, गोळी घेतली, ठणका थांबला म्हणून विसरलो, आणि आता गिळताना जिभेखाली दुखतंय, हनुवटीखाली सूज आहे. हे सकाळपर्यंत थांबायचं काम नाही.

माशाचा काटा ही कोकणातून इकडे आलेल्या घरांची जुनी ओळखीची गोष्ट. भाताचा मोठा गोळा किंवा केळं न चावता गिळायचं म्हणजे काटा खाली जातो, असं सांगतात. कधी जातोही. कधी आणखी खोल रुततो. टोचल्याची जागा बोटाने दाखवता येत असेल आणि दोन-चार तासांत आराम पडला नसेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ तो चिमट्याने काढतात.

"तोंड आलंय" म्हणजे नक्की काय?

जीभ दुखली की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं: उष्णता झाली. मग गुलकंद, सब्जा, आणि मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सची पट्टी. साधे फोड, म्हणजे गोल, मधे पिवळसर-पांढरे आणि कडेने लाल, हे ताण, अपुरी झोप, चुकून जीभ चावणं अशा कारणांनी येतात आणि दहा-बारा दिवसांत जातात. त्यांना गुलकंद दिला काय आणि न दिला काय.

पण जीभ लालबुंद, गुळगुळीत, काटे झिजल्यासारखी झाली असेल आणि गरम चहासुद्धा झोंबत असेल, तर बी-१२ कमी असण्याची शक्यता मोठी. हे जीवनसत्त्व वनस्पतींतून जवळपास मिळत नाही. दूध-दहीही कमी खाणाऱ्या शाकाहारी घरात, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते हमखास कमी होतं. जोडीला हातापायांना मुंग्या येत असतील तर रक्त तपासून घ्यावं. नुसती बी-कॉम्प्लेक्स खात राहणं इथे पुरत नाही. जीभ फिकट, ओठांचे कोपरे चिरलेले आणि कोरडी भाकरी-चपाती घशात अडकल्यासारखी वाटत असेल तर लोह कमी असू शकतं. पाळी जास्त जाणाऱ्या बायकांनी हे लक्षात ठेवावं. "मला भाकरी उतरतच नाही गं" असं मावशी म्हणते तेव्हा आपण तिला तूप जास्त घे म्हणतो, हिमोग्लोबिन कुणी बघत नाही.

दम्याचा पंप घेणाऱ्यांना जिभेवर आणि घशात पांढरी बुरशी धरते. पंपानंतर चूळ भरून पाणी थुंकायचं, एवढ्याने ती बरीचशी टळते. साखर ताब्यात नसलेल्या मधुमेहींनाही ही बुरशी होते. झोपून उठल्यावर घसा जळजळतो आणि तोंडात आंबट येतं, तर रात्री उशिरा जेवून लगेच आडवं होण्याची सवय तपासा.

काही औषधंही घसा दुखवतात, आणि हे फार कमी घरांत माहीत असतं. थायरॉइड वाढला म्हणून कार्बिमाझोल चालू असेल आणि अचानक ताप येऊन घसा दुखायला लागला, तर तो साधा घसा समजायचा नाही. क्वचित काहींच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी या औषधाने एकदम खाली येतात. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून रक्ततपासणी करायची, आणि ती होईपर्यंत पुढची गोळी घ्यायची की नाही तेही त्यांनाच विचारायचं. संधिवातासाठी मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदा घ्यायची असते. घरात गोळ्या काढून देणारा माणूस बदलला आणि ती चुकून रोज दिली गेली, तर पहिली खूण बहुधा तोंडभर फोड हीच असते. आजी-आजोबांच्या गोळ्यांच्या डब्यावर वार लिहून ठेवा. डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी रात्री झोपताना घोटभर पाण्याबरोबर घेतली तर ती अन्ननलिकेत चिकटून तिथे जखम करते. सकाळी छातीच्या मधोमध, गिळताना सुरी फिरल्यासारखं दुखतं. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि पुढचा अर्धा तास आडवं होऊ नका.

तिखट झोंबायला लागलं की

आता सुरुवातीला म्हटलेल्या दुखण्याकडे येऊ.

म्हैसूरचं विड्याचं पान प्रसिद्ध आहे. म्हैसूर मल्लिगे आणि नंजनगूडच्या रसबाळे केळ्यासारखीच त्यालाही भौगोलिक मानांकनाची नोंद मिळालेली आहे. इथल्या लग्नात, बारशात, गौरीच्या हळदीकुंकवात एले-अडिके, म्हणजे पान-सुपारी, हातात दिल्याशिवाय पाहुणा घराबाहेर पडत नाही. महाराष्ट्रातही सुपारी फुटल्याशिवाय लग्न ठरत नाही. ही देवघेव सुंदर आहे आणि तिच्याविरुद्ध मला काही म्हणायचं नाही. प्रश्न ती सुपारी रोज तोंडात धरून ठेवण्याचा आहे. पानावर दोष जातो, पण गुन्हेगार पान नाही, सुपारी आहे.

सुपारीत अरेकोलिन नावाचं द्रव्य असतं. ते गालाच्या आतल्या त्वचेखालच्या, तंतू बनवणाऱ्या पेशींना चेव देतं. सुपारीतलं तांबं त्या तंतूंना एकमेकांत घट्ट विणतं. हळूहळू गालाचा आतला मऊ भाग पांढुरका, संगमरवरासारखा आणि कडक होत जातो. पहिली खूण असते तिखट झोंबणं. घरातल्या सगळ्यांना चालणारी आमटी एकालाच जाळते. अधूनमधून फोड येतात. मग तोंड पूर्वीइतकं उघडत नाही. पाणीपुरी एका घासात जात नाही, आणि आपण म्हणतो, या पुऱ्याच मोठ्या आहेत. पुढे जीभ आखडते, पूर्ण बाहेर काढता येत नाही. तंतू घशापर्यंत गेले की गिळताना त्रास होतो, कान दुखतो. आणि या सगळ्याला लागतात काही वर्षं, ज्यात "ठणका" म्हणावा असं दुखणं फारसं नसतंच. म्हणूनच कुणी दाखवायला जात नाही.

या रोगाच्या इतिहासात एक मराठी नाव आहे. १९५२ मध्ये श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरने केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये हा प्रकार नोंदवला होता. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईत डॉ. एस. जी. जोशी यांनी आपल्याकडच्या रुग्णांवरून त्याचं वर्णन केलं आणि त्वचेखाली तंतू साठणं या अर्थाचं, आजही चालणारं नाव त्याला दिलं: सबम्यूकस फायब्रोसिस. केनिया असो की मुंबई, माणसं भारतीय वळणाचीच होती. सुपारी समुद्र ओलांडून त्यांच्याबरोबर गेली होती.

हा आजार स्वतः कर्करोग नव्हे, पण त्याची पायरी ठरू शकतो. केरळमधल्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यांतल्या ५ जणांना तोंडाचा कर्करोग झाला. म्हणजे साधारण तेरा जणांमागे एक. बाकीच्यांना झाला नाही, हेही त्यातच आलं. पण एकदा आखडलेलं तोंड पूर्ववत होत नाही. सुपारी सोडली तर पुढे वाढणं मंदावतं, व्यायाम, इंजेक्शनं, गरज पडल्यास शस्त्रक्रिया यांनी तोंड काही प्रमाणात उघडतं. त्यामुळे झोंबण्याच्या पायरीवर दाखवलेला रुग्ण आणि पाणीपुरीच्या पायरीवर दाखवलेला रुग्ण यांच्यात खूप अंतर पडतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखू नसलेल्या नुसत्या सुपारीलाही, माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. "मी तंबाखू खात नाही, फक्त गोड सुपारी" हे वाक्य त्यामुळे फारसं टिकत नाही. तंबाखू असेल तर धोका आणखी वाढतो, हे वेगळं सांगायला नको. म्हैसूर जिल्ह्यातच हुणसूर, पिरियापट्टण भागात तंबाखूचं मोठं पीक निघतं. महाराष्ट्राने २०१२ मध्ये आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये गुटख्यावर बंदी आणली. मग पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी अशा जोडपुड्या टपरीवर लटकू लागल्या. तोंडात गेल्यावर दोन्ही एकच होतात.

मराठी वाचकांना दोन नावं आठवतील. शरद पवारांना २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, आणि तंबाखू-सुपारीच्या सवयीबद्दल ते नंतर जाहीरपणे बोलले. आर. आर. आबा पाटील मात्र १६ फेब्रुवारी २०१५ रोजी याच आजाराने गेले, वयाच्या ५७ व्या वर्षी. दोघांनाही उत्तम उपचार मिळणं अवघड नव्हतं. या आजारात तो किती लवकर हाती लागतो यावर फार काही ठरतं, आणि सुरुवातीचा कर्करोग बहुतेक वेळा दुखत नाही. एक पांढरा किंवा लाल चट्टा असतो, जिभेच्या कडेला एक छोटी जखम. दुखत नाही म्हणून चालून जातं.

घरी करून बघण्याजोगी एक तपासणी आहे. स्वतःच्याच हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घाला. मोठ्या माणसाच्या तोंडात तिन्ही बोटं मावायला हवीत. दोनच मावत असतील तर दंतवैद्याला दाखवा. घरातल्या सगळ्यांनी एका रविवारी मिळून करा, मुलांना मजाच वाटेल. कॉलेजात जाणाऱ्या मुलाची दोनच बोटं मावली तर मात्र त्याला रागावू नका, आधी डॉक्टरांकडे न्या. रागावल्यावर तो पुडी लपवेल आणि तोंडही दाखवणार नाही.

जिभेच्या कडेला टोकदार दात किंवा सैल कवळी घासून जखम होते, ती वेगळी. दात घासून गुळगुळीत केला की ती भरायला लागते. दोन आठवडे झाले तरी कुठलाही फोड, चट्टा किंवा जखम भरली नाही, तर छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. तीन आठवड्यांच्या वर आवाज घोगरा राहिला, मानेत न दुखणारी गाठ आली, किंवा आधी भाकरी, मग भात, मग पेजही अडकायला लागली, तरीही थांबू नका. "काढलेल्या तुकड्यामुळे आजार पसरतो" हे आपल्याकडे अजून ऐकू येतं. तसं होत नाही. उशीर होतो तो या समजुतीमुळे.

घशाला काय द्यावं आणि कुठे जावं

साध्या घशाला कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या पुरतात, पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ. हळद-दूध बरं वाटतं. मध चालतो, पण वर्षाखालच्या बाळाला अजिबात नको. ज्येष्ठमध चघळणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, रोज आणि भरपूर खाल्ला तर तो रक्तदाब वाढवतो. जिभेवर फोड असताना इथलं मिरीचं रसम औषध म्हणून पाजू नका, बिचारा रुग्ण उडी मारतो. गार मोसरन्ना, म्हणजे दहीभात, आणि पिकलेलं रसबाळे केळं सहज उतरतं. आणि हो, मुलाचा घसा दुखत असताना आइस्क्रीमने आजार वाढत नाही. गारव्याने दुखणं थोडं बधिर होतं आणि पोटात काहीतरी जातं. हात-पाय-तोंडावर पुरळ येणाऱ्या तापात मुलं पाणीही नाकारतात, तेव्हा याचा उपयोग होतो. सहा-आठ तास लघवी झाली नाही तर दवाखाना.

म्हैसूरमध्ये के. आर. हॉस्पिटलचा कान-नाक-घसा विभाग आहे, दंत महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. आणि मानसगंगोत्रीत १९६५ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्था आहे, जिला इथे सगळे आयिश म्हणतात. लोकांना ती बोलण्या-ऐकण्याच्या तक्रारींसाठी माहीत आहे, पण गिळण्याच्या त्रासावरही तिथे काम चालतं. पक्षाघातानंतर किंवा घशाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना प्रत्येक घोटाला ठसका लागतो, त्यांना पुन्हा गिळायला शिकवावं लागतं, हे अनेक कुटुंबांना माहीतच नसतं. ते आजोबांना नळी घालून ठेवतात आणि विषय संपवतात.

नोकरीसाठी नुकतेच इकडे आलेल्या मराठी घरांसाठी चार कन्नड शब्द. घसा म्हणजे गंटलु, जीभ म्हणजे नालिगे. "नुंगुवाग नोवु" म्हणजे गिळताना दुखतं, आणि जळजळीला "उरि" म्हणतात. बोटाने जागा दाखवा, किती दिवस झाले ते सांगा, चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. डॉक्टर विचारतील, "एले-अडिके हाक्तीरा?" पान-सुपारी खाता का, असा त्याचा अर्थ. जेवणानंतर तोंडात टाकायची ती चिमूटभर गोड सुपारीही यात धरायची.